डोळ्यांदेखत

खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात सकाळी अकराच्या सुमाराला जाऊन बसा. व्हरांड्यातल्या बाकांवर समन्सचा कागद घडी करून खिशात ठेवलेली माणसं दिसतील. यातले बरेच जण फिर्यादीही नसतात आणि आरोपीही नसतात. कुणी त्या दिवशी रस्त्याने चाललेलं असतं, कुणी शेजारच्या वावरात पाणी भरत असतं, कुणी भांडण सोडवायला धावलेलं असतं. घटनेला चार-पाच वर्षं सहज उलटलेली असतात. कापूस वेचणीचा दिवस बुडवून माणूस आलेला असतो. पैरवीचे, म्हणजे कोर्टातलं पोलिसांचं काम बघणारे, हवालदार त्याचा जुना जबाब एकदा वाचून दाखवतात, तो मान डोलावतो, आणि मग आतून पुकारा होतो.

फौजदारी वकिली करताना मी खोटं बोलणारे साक्षीदार पाहिलेत. पढवून आणलेले पाहिलेत. दबावाने किंवा पैशाने फितूर झालेले तर कितीतरी. त्यांच्यासाठी कायद्यात वाटा आहेत, उलटतपासाची हत्यारं आहेत. मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच माणसाची. तो खरं सांगायला आलेला असतो. शपथ मनापासून घेतो. कुणाशी वैर नसतं. आणि तरीही तो जे सांगतो ते घडलेलं नसतं. त्याला ते ठाऊक नसतं, आणि त्याच्याकडे बघून न्यायाधीशांनाही कळत नाही, कारण तो अगदी खात्रीने बोलत असतो.

नवी वकील होते तेव्हाची एक साक्ष माझ्या मनातून जात नाही. माझं प्रकरण पुकारायचं होतं म्हणून मागे बसले होते. तापीकाठच्या गावातलं बांधाचं भांडण. शेतीची थ्री-फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून माणसं विहिरीवर जागी होती. मोटार कुणी आधी चालवायची यावरून बोलाचाली झाली, मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. साक्षीला शेजारच्या वावरातली एक वयस्क बाई आली होती, सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. तिने दोन्ही आरोपींची नावं घेतली, त्यांना पिंजऱ्यातून बोटाने दाखवलं, आणि सांगितलं, की थोरल्याच्या हातात कुऱ्हाड होती.

पोलीस जबाबात काठी लिहिली होती. डॉक्टरांनी जखम कठीण व बोथट वस्तूने झाल्याचं लिहून दिलं होतं. कुऱ्हाडीचा घाव तसा नसतो. तिथून पुढे उलटतपास कसा चालतो हे कोर्टात बसणाऱ्या कुणालाही सांगायला नको. एकेक प्रश्न जबाबाच्या एकेका ओळीवर, आणि खाली टंकलेखन यंत्रावर उमटणारं ते ठरलेलं वाक्य: ‘असा मजकूर माझ्या जबाबात का नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ मग दुसऱ्यांदा तेच. मग शेवटचं, ‘मी आज खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ आक्का मधेच न्यायाधीशांकडे वळून म्हणाली, “मन्हा डोयासमोर व्हयनं ना ते, साहेब.” साहेबांनी तिला फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सांगितलं. चूक त्यांची नव्हती, पद्धतच तशी आहे. बाहेर आल्यावर ती बाकाच्या कडेला बसली आणि आपल्याला भर कोर्टात खोटारडी ठरवलं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

निकालात तिची साक्ष अविश्वसनीय म्हणून बाजूला पडली आणि आरोपी सुटले.

कुऱ्हाड आली कुठून? तिला कुणी पढवलेलं नव्हतं, याची मला आजही खात्री वाटते. पढवणाऱ्याने निदान डॉक्टरांचा दाखला वाचला असता आणि काठीच सांगायला लावली असती. रक्तबंबाळ माणसाला रात्री टेम्पोत घालून नेलं, तेव्हापासून गावात एकच विषय असणार. पारावर, पिठाच्या गिरणीवर, हातपंपापाशी. कुणीतरी कुऱ्हाड म्हटलं असेल. एवढं रक्त म्हणजे कुऱ्हाडच, असं सगळ्यांना वाटलं असेल. वर्षभरात ती कुऱ्हाड गावाच्या तोंडी रुळली आणि आक्काच्या डोळ्यांसमोरच्या त्या रात्रीत जाऊन बसली. मानसशास्त्रज्ञ फिओना गॅबर्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नेमकं हेच प्रयोगात दाखवलं. दोघांना एकाच प्रसंगाची चित्रफीत दाखवली, पण वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली, त्यामुळे एकाला दिसलेल्या काही गोष्टी दुसऱ्याला दिसणंच शक्य नव्हतं. नंतर दोघांना आपसांत बोलू दिलं. मग एकेकट्याला विचारलं, तर बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी निदान एक तरी अशी गोष्ट सांगितली जी त्यांना फक्त जोडीदाराकडून कळली होती. ते खोटं बोलत नव्हते. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांतला सांधा त्यांनाच सापडत नव्हता.

हे प्रयोगशाळेत, थोड्याशा गप्पांनंतर. आपल्याकडे गाव असतं, आणि चार-पाच वर्षं असतात.

फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच सांगून ठेवलं होतं, की आठवणं म्हणजे ठेवलेली वस्तू काढून दाखवणं नव्हे, दर वेळी नव्याने रचणं आहे. मातीच्या घराची भिंत सणासुदीला सारवतात तसं हे आहे. प्रत्येक सांगण्याबरोबर एक हात फिरतो, भेगा बुजतात, भिंत अधिक गुळगुळीत दिसायला लागते, आणि खालचा मूळ थर कुठला हे सारवणाऱ्या हातालाही सांगता येत नाही. म्हणून दहा वेळा सांगून झालेली हकीकत अडखळत नाही. आम्ही वकील मात्र न अडखळणाऱ्याला ‘चांगला साक्षीदार’ म्हणतो.

आता दुसरी बाजू. सुरत-नागपूर महामार्ग धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा खान्देशाच्या मधून जातो. या रस्त्यावरच्या अपघातांची प्रकरणं आमच्याकडे बाराही महिने असतात. फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्याची काढा, त्यात ट्रक ‘भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे’ आलेला असतो. हे शब्द अपघात पाहणाऱ्या केळीवाल्याचे नसतात, लिहून घेणाऱ्याचे असतात. कलम बसायला ते लागतात. पुढे तीच फिर्याद त्या केळीवाल्याला वाचून दाखवली जाते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ही फिर्यादच आठवली. ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरींच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्न एकच, क्रियापद फक्त बदललेलं. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता असं विचारलं, तर सरासरी उत्तर ताशी ३१.८ मैल आलं. गाड्या एकमेकींवर ‘आदळून चुराडा झाला’ तेव्हा, असं विचारलं, तर ४०.८ मैल. फिती त्याच होत्या.

त्याहून मला पुढचा भाग अस्वस्थ करतो. दुसऱ्या फेरीत १५० जण होते. आठवड्याने त्यांना विचारलं, की फुटलेल्या काचा पाहिल्या होत्या का? फितीत काचा नव्हत्याच. ‘चुराडा’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले. ‘धडकल्या’ हा साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७, आणि ज्यांना वेगाबद्दल काही विचारलंच नव्हतं त्यांतले ६. एका शब्दाने आठवड्याभरात डोळ्यांसमोर काचा सांडल्या. सरतपासात, म्हणजे आपणच बोलावलेल्या साक्षीदाराला विचारताना, उत्तर सुचवणारा सूचक प्रश्न विचारायचा नाही, हा नियम पुराव्याच्या कायद्यात १८७२ पासून आहे, आणि सरकारी वकिलाने तसा प्रश्न विचारला की बचावाचा वकील लगेच उठून हरकत घेतो. पण सूचना तर कधीच होऊन गेलेली असते. ती पोलीस ठाण्याच्या टेबलावर झालेली असते, जिथे हरकत घ्यायला कुणी नव्हतं.

उजेडाबद्दलही थोडं सांगते, कारण आमच्याकडची निम्मी भांडणं रात्रीच्या पाण्यावरून होतात असं वाटावं इतकी ती रात्रीची असतात. ‘चांदण्यात ओळखलं’ हे वाक्य आलं, की बचावाचा वकील पंचांग काढतो. तिथी कोणती, चंद्रोदय किती वाजता. ते योग्यच आहे. पण पौर्णिमा निघाली म्हणून प्रश्न सुटत नाही. नेदरलँड्सच्या विलेम वागेनार यांनी १९९० च्या दशकात अनोळखी चेहरे वेगवेगळ्या उजेडात आणि अंतरावर दाखवून एक ढोबळ नियम मांडला होता: अंतर १५ मीटरपेक्षा जास्त असेल किंवा उजेड १५ लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) कमी असेल, तर ओळखीवर भरवसा ठेवू नये. पौर्णिमेच्या लख्ख चांदण्याचा उजेड एका लक्सपेक्षाही कितीतरी कमी भरतो. इतक्या कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास कामच करत नाहीत. ‘लाल शर्ट घातलेला माणूस पळताना पाहिला’ असं चांदण्यातल्या साक्षीत असेल, तर तो लाल रंग त्या रात्रीचा असण्याची शक्यता फार कमी. तो नंतर कुठूनतरी आलेला असतो. अटकेच्या वेळचा शर्ट, जप्तीचा पंचनामा, कुणाचं बोलणं.

इथे एक भेद नीट करायला हवा आणि तो पुष्कळदा होत नाही. नियम अनोळखी चेहऱ्यासाठी आहे. जन्मभर शेजारी राहिलेला माणूस चालण्यावरून, खाकरण्यावरून, पाठमोराही ओळखू येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली बिहारमधल्या कालिका तिवारी प्रकरणात म्हटलंय, की शहरातल्या झगमगाटाला सरावलेल्या डोळ्यांचं माप खेड्यातल्या माणसाला लावू नका, त्याची नजर कंदिलाच्या उजेडाला सरावलेली असते. मला हे पटतं, ओळखीच्या माणसापुरतं. आक्काने त्या दोघांना लहानपणापासून पाहिलं होतं. ‘कोण’ याबाबतीत तिची आठवण भक्कम असण्याचं सगळं कारण होतं; ‘हातात काय’ याबाबतीत ती कच्ची असण्याचंही तितकंच कारण होतं. एकाच माणसाची एकाच रात्रीची आठवण एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी पोकळ असू शकते. आपला कायदा हे मान्य करतो. एक गोष्ट खोटी निघाली म्हणून सगळी साक्ष खोटी, हे तत्त्व भारतात चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं सांगत आलंय. दाणे आणि फोलपट वेगळं करा, म्हणतं. पण पाखडायला बसायला वेळ लागतो, आणि बोर्डावर त्या दिवशी साठ-सत्तर प्रकरणं असतात.

अनोळखी आरोपी असेल तर ओळख परेड. ती तुरुंगात होते, नायब तहसीलदार किंवा तहसीलदार घेतात, तपास अधिकाऱ्याने तिथे थांबायचं नसतं. एका संशयितामागे निदान सहा सारख्या बांध्याची, सारख्या वयाची माणसं उभी करायची, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत आहे. हे नियम विचारपूर्वक केलेले आहेत. तपास करणाऱ्याला बाहेर ठेवण्याचा फायदा अमेरिकेत बऱ्याच राज्यांना फार उशिरा कळला. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग केला. साक्षीदारांना चित्रफीत दाखवली आणि फोटोंतून माणूस ओळखायला सांगितलं. खरा माणूस फोटोंत नव्हताच, म्हणजे ज्याने ज्याने बोट ठेवलं त्याची ओळख चुकीचीच. त्यातल्या काहींना नुसतं सांगितलं, की छान, तुम्ही संशयिताला बरोबर ओळखलंत. तेवढ्याने त्यांची खात्री वाढली. इतकंच नव्हे, मला तो नीट दिसला होता, मी त्याच्याकडे लक्ष देऊन पाहिलं होतं, असंही ते सांगायला लागले. शाबासकीने मागचं पाहणंच बदललं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात बर्लिंग्टन नावाचं शहर आहे. तिथे १९८४ मध्ये एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. अत्याचार चालू असताना तिने ठरवून त्या माणसाचा चेहरा मनात साठवला, पुढे त्याला पकडून द्यायचं म्हणून. तिने फोटोंतून एक माणूस निवडला, मग रांगेतून तोच निवडला, आणि पोलिसांनी तिला सांगितलं, की फोटोतही तुम्ही यालाच निवडलं होतं. कोर्टात ती ठाम होती. ठाम असण्याचा तिला पूर्ण हक्क होता. त्या माणसाला १९८५ मध्ये शिक्षा झाली आणि १९९५ मध्ये डीएनए तपासणीने तो निर्दोष ठरला. मधल्या काळात खरा गुन्हेगार तिच्यासमोर उभा केला गेला होता, आणि तिने त्याला ओळखलं नव्हतं. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष सुटलेल्यांच्या प्रकरणांत सुमारे सत्तर टक्के ठिकाणी प्रत्यक्षदर्शीची चुकीची ओळख आढळते. आपल्याकडे असे जुने नमुने काढून पुन्हा तपासण्याची रीतच नाही.

आणि आपल्या त्या चांगल्या नियमांचंही आता काय होतं, तर परेड व्हायच्या आत संशयिताचा फोटो गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला असतो. तोंडावर काळा बुरखा घालून त्याला कोर्टात आणतात तेव्हा साक्षीदाराच्या मोबाईलमध्ये तो चेहरा आधीच असतो. आरोपी आधी दाखवला गेला असेल तर परेडला अर्थ उरत नाही, हे कायद्याला ठाऊक आहे. पण फोटो कुणी दाखवला नाही, तो आपोआप आला, याला काय करणार? साक्षीदार परेडमध्ये ज्याला ओळखतो तो त्या रात्रीचा माणूस आहे की ग्रुपवरचा, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. अटकेनंतर फोटो काढून ‘आरोपी जेरबंद’ म्हणून पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत असते. त्यात खरा गुन्हेगार सुटण्याची सोयही आपणच करतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच, भरवाडा भोगीनभाई प्रकरणात, हे सगळं साध्या शब्दांत लिहून ठेवलंय. साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा करू नका. मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप पुन्हा लावावी तसं काही होत नसतं. घटना अचानक अंगावर येते. वेळ माणूस अंदाजाने सांगतो. कोर्टाच्या वातावरणाने आणि उलटतपासाने तो दबतो, गोंधळतो, आपण मूर्ख ठरू या भीतीने मधल्या जागा भरून काढतो. या निकालाचा उतारा आमच्या युक्तिवादांत रोज वाचला जातो. पण तो वाचला जातो साक्ष वाचवण्यासाठी, किरकोळ विसंगती माफ करण्यासाठी. तोच उतारा उलट्या बाजूनेही वाचायला हवा, असं मला कळकळीने वाटतं. टेप लागत नसेल, तर विसंगती नसलेल्या, तासून गुळगुळीत झालेल्या, ठाम साक्षीकडेही थांबून बघायला हवं. अडखळणारा खोटा नसतो तसा ठाम बोलणारा खरा असेलच असं नाही.

पिंजऱ्यात पोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो. जे करायचं ते पहिल्या काही तासांत. साक्षीदारांना एकाच बाकावर बसवून एकमेकांसमोर विचारू नये. आधी माणसाला त्याच्या बोलीत, न तोडता, सगळं सांगू द्यावं, प्रश्न मागून. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइजलमन यांनी १९८० च्या दशकात जबाब घेण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात हे येतं, आणि तिने चुका फारशा न वाढता माहिती जास्त मिळते. जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा आपल्या कायद्यात २००९ च्या दुरुस्तीपासून आहे, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मुभा आहे, सक्ती नाही. खिशातल्या मोबाईलवर होण्यासारखं काम आहे. आक्काचा पहिला जबाब तिच्या आवाजात अहिराणीत मुद्रित असता, तर ती काठी म्हणाली की आणखी काही, की हातातलं दिसलंच नाही म्हणाली, हे साहेबांना ऐकता आलं असतं.

हल्ली ओळखीतलं कुणी अपघात किंवा मारामारी पाहून फोन करतं, तेव्हा मी आधी एकच काम सांगते. परवा माहेरच्या गावाहून एका भाच्याचा फोन आला. फाट्यावर मोटारसायकल आणि पिकअपची धडक त्याने पाहिली होती. “मावशी, पोलिसांनी उद्या बोलावलंय, काय सांगू?” म्हटलं, आत्ता घरी जा, कुणाशी बोलू नको, ग्रुपवरचं काही बघू नको. वही घे आणि तुला दिसलं तेवढं लिही. जे दिसलं नाही ते ‘दिसलं नाही’ असंच लिही. वेग कळला नसेल तर वेग लिहू नको. कुठे उभा होतास, उजेड कशाचा होता, मधे काय आडवं होतं, ते लिही. खाली तारीख, वेळ आणि सही. त्याने विचारलं, हा कागद चालतो का? चालतो. माणसाने स्वतः, घटना ताजी असताना लिहिलेलं टिपण साक्ष देताना बघून आठवण ताजी करता येते. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १५९ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १६२ आहे. समोरच्या वकिलाला तो कागद मागून बघता येतो आणि त्यावर उलटतपास घेता येतो, हेही त्याला सांगितलं. तो जरा घाबरला. मग म्हणाला, लिहितो, पण पिकअपचा लाईट चालू होता की नाही ते नक्की नाही आठवत. म्हटलं, मग तेच लिही.